सरावाचा डबा

पहिल्या खेपेला पट्ट्या चुकल्या तेव्हा केतकीला स्वतःच्या हाताची शंका आली. दुसऱ्या खेपेला पाण्याची आली. तिसऱ्या खेपेला शंका घ्यायला काही उरलंच नाही, तेव्हा ती नुसती स्टुलावर बसून राहिली.

समोर वीस पट्ट्या ओळीने वाळत होत्या. टीपकागदासारख्या जाड कागदाच्या, बोटाएवढ्या. माकडतापाचा विषाणू रक्तात असेल तर पट्टीच्या मधोमध निळी रेघ उमटायची. वीसही नमुन्यांत विषाणू होता, मोठ्या यंत्रावर ते आधीच सिद्ध झालेलं होतं. रेघ मात्र नऊ पट्ट्यांवर उमटली होती. बाकीच्या कोऱ्या.

"किती?" शेजारच्या टेबलावरून फैजानने विचारलं.

"नऊ."

"मागच्या वेळी आठ होत्या ना? मग प्रगती आहे की!" फैजान मुकादम दाभोळकडचा. त्याला रडक्या तोंडाचं माणूस समोर बसलेलं सहन होत नसे. "हात बसला नाही अजून तुझा. टाक डब्यात."

डबा म्हणजे सरावाचा डबा. प्रयोगशाळेत प्रत्येकाचा एक होता. कुणाचा बिस्किटांचा, कुणाचा चिवड्याचा. केतकीचा गावाहून काजू घेऊन आलेला पत्र्याचा डबा होता. प्रयोग जमला तर तो प्रयोग, फसला तर सराव, अशी तिथली रीत. सराव वर, सरकारकडे, पाठवायचा नसतो. जिन्यावर घसरून पडलेलं कोणी घरी कळवतं का, तसंच हे. पण फेकूनही द्यायचं नाही, कारण मांजरेकर सर म्हणत, "आपल्या चुका जवळ असाव्यात." म्हणून डबे भरत जायचे आणि झाकणं घट्ट बसायची.

केतकीने पट्ट्या गोळा करून डब्यात टाकल्या. झाकण लावताना तिच्या मनात आलं, तीनदा हात चुकतो तो एकाच बाजूला कसा चुकतो?

*

माकडताप हा तिच्या मुलखातला ताप. रानात माकडं मरून पडायला लागली की लोक समजायचे, आता गोचिडी माणसांवर येणार. काजूच्या बागा रानाला लागून. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोंडं पडायला लागली की बायका-पुरुष दिवसभर पाल्यात वाकून बिया गोळा करायचे, आणि पाल्यातच गोचिडी. एवढीशी गोचीड, मोहरीएवढी. चावली तरी कळत नाही. मग ताप, अंगदुखी, आणि एखाद्याला हिरड्यांतून, नाकातून रक्त. औषध असं नाही. पण लवकर कळलं, माणूस वेळेवर इस्पितळात पोचला, सलाईनवर आणि डोळ्यांसमोर राहिला, तर बहुतेक जगतो. उशीर झाला की अवघड.

म्हणून ही पट्टी. मोठ्या यंत्राची तपासणी शहरात व्हायची आणि उत्तर यायला दोन-तीन दिवस लागायचे. पट्टीवर रक्ताचा थेंब टाकला की चहा उकळायच्या आत उत्तर. कागदात एक प्रथिन बसवलेलं, ते विषाणूचं कवच ओळखून धरून ठेवायचं. हे प्रथिन मांजरेकर सरांनी आयुष्य घालवून घडवलं होतं. केतकीच्या वाट्याला शेवटची कसोटी आली होती: ताप आल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत ही पट्टी किती जणांना पकडते?

तिला त्यासाठी अंकुर अधिछात्रवृत्ती होती. देवळातल्या गुरवाच्या मुलीला सरकारने संशोधनासाठी दरमहा पगार द्यावा, ही गोष्ट आंबेखोलात अजून कुणाला पुरती खरी वाटत नव्हती. तिची आई काजूच्या बागेत बायकांना सांगायची, "माझ्या चेडवाक सरकार शिकूचे पैशे देता." बायका म्हणायच्या, "आणि शिकान झाल्यार गो?" आई म्हणायची, "मगे आणखी शिकतला."

*

अंकुरचा अर्ज माणूस वाचत नसे. पूर्वी वाचायचा. चार ज्येष्ठ प्राध्यापकांची समिती बसायची आणि ओळखीपाळखी चालायच्या. शिवाय वृत्ती मिळाल्यावर काही बहाद्दर घरी बसून आकडे तयार करायचे. या दोन्ही रोगांवर उपाय म्हणून सरकारने एक यंत्र बसवलं. देशात आजवर झालेले सगळे संशोधन-अहवाल त्याला वाचायला दिले. आता तुम्ही त्याला प्रयोग काय, साहित्य काय, एवढं सांगितलंत की उत्तर कुठून कुठवर येईल ते यंत्र आधीच सांगायचं. ज्याच्या उत्तराची खात्री जास्त, त्याला वृत्ती. नंतर दर तिमाहीला खरं उत्तर यंत्राच्या अंदाजाशी ताडून पाहायचं. उत्तर फार लांब गेलं, तर विद्यार्थी एक तर लबाड असणार नाहीतर हाताने कच्चा.

पहिल्या काही वर्षांत या यंत्राने खरोखर लबाड पकडले. पेपरात कौतुक झालं आणि ते कौतुक खोटं नव्हतं. त्याचं सरकारी नाव लांबलचक होतं. कोकणातल्या पोरांनी त्याला कौल म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव सगळीकडे झालं.

केतकीच्या पट्टीबद्दल कौल म्हणाला होता: विसांत सतरा ते एकोणीस पकडेल, खात्री फार मोठी. एवढी मोठी की कसोटी पुरी व्हायच्या आधीच तळकोकणातल्या काही आरोग्य केंद्रांत पट्ट्या वापरायला दिल्यासुद्धा. आंबेखोलचं केंद्र त्यांतलंच एक.

आणखी एक नियम होता. वृत्ती एकट्याला मिळत नसे, गटाला मिळे. एकाचं उत्तर अंदाजाबाहेर गेलं की सगळा गट तपासणीखाली, आणि तपासणी संपेपर्यंत सगळ्यांची वृत्ती थांबलेली. एकमेकांवर लक्ष राहावं म्हणून हा नियम. लक्ष राहायचं खरं.

*

मांजरेकर सर खिडकीपाशी उभे राहून डब्यातली पोळी खात होते. बसून जेवायची त्यांना सवय नव्हती.

"सर, तिसऱ्यांदा नऊच."

"नमुने गोठवलेले होते?"

"हो, आपल्या पथकाने बागांतून आणलेलेच. नीट वितळवले. पाणी बदललं. पट्ट्यांची नवीन गड्डी घेतली."

"हं." सरांनी घास संपवला. "तू घाई करतेस का?"

"नाही, सर."

"मग पुन्हा कर. जिल्हा इस्पितळातून नवे नमुने येताहेत, पहिल्या-दुसऱ्या दिवसाचे. त्यांच्यावर कर."

केतकी हलली नाही. "सर, समजा पट्टी खरंच पहिल्या दोन दिवसांत पकडत नसेल तर? तेव्हा रक्तात विषाणू थोडाच असतो. तो तिसऱ्या-चौथ्या दिवशी वाढतो."

"तर आपण तसं लिहू."

"आणि गट?"

सरांनी डब्याचं झाकण लावलं. उत्तर द्यायच्या आधी ते नेहमी काहीतरी बंद करायचे, कधी डबा, कधी दार. "फैजानच्या घरी पाळणा हलणार आहे. माझी नोकरीची दोन वर्षं राहिली आहेत. हे तुला माहीत आहे म्हणून तू विचारते आहेस. मी तुला खोटं लिही म्हणून सांगतोय का?"

"नाही, सर."

"पुन्हा कर, एवढंच सांगतोय. विज्ञान म्हणजे तरी काय? पुन्हा करून पाहणं."

सर सज्जन होते. ते सज्जन नसते तर केतकीला सोपं गेलं असतं.

*

चौथ्या खेपेला रेघा उमटल्या. एक, दोन, पाच, दहा. केतकी पट्ट्यांवर वाकून बघत होती आणि निळ्या रेघा पेरलेल्या भातासारख्या वर येत होत्या. अठरा! विसांत अठरा!

फैजानने उडीच मारली. "बघ! म्हटलं होतं ना, हात बसेल? आता उद्या वर पाठव आणि माझ्या पोराचं नाव तूच ठेव."

"मुलगी झाली तर?"

"तर तिला सांगेन, तुझ्या दुधाचे पैसे या मावशीच्या अठरा पट्ट्यांनी दिले." त्याने कुठून तरी मालवणी खाजं आणलं. सरांनीही एक तुकडा उचलला आणि केतकीच्या डोक्यावर हात ठेवला. तिला आनंद झाला नाही असं नाही. इतका झाला की तिने घरी फोन करून शनिवारी येते म्हणून सांगितलं.

आकडे वर पाठवायला सोमवारपर्यंत मुदत होती. गावाहून आल्यावर पाठवू, असं ती म्हणाली. का, ते तिने स्वतःलाही विचारलं नाही.

*

आंबेखोलात शिमगा नुकता सरला होता. ती पोचली तेव्हा देवळात माणसं जमली होती. वरच्या भरडावर, कातळाच्या माळावर, दोन माकडं मेलेली सापडली होती आणि वरच्याच बागांत यंदा काजू अमाप होता. जावं की न जावं, म्हणून देवाला कौल लावायचा होता.

तिचे वडील लवू गुरव सोवळं नेसून पाषाणासमोर बसले होते. त्यांनी ओल्या पाकळ्या देवाच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नको. गावचे पहिले मानकरी, गावकर नाना सावंतांनी गाऱ्हाणं घातलं, लोक "व्हय म्हाराजा" म्हणाले, आणि सगळे गप्प राहिले.

डावी पडली.

नाना खाकरले. "काय चूक झाली आसात तर पदरात घे, म्हाराजा. लवू, परत लाव."

वडिलांनी परत लावली. परत डावी.

"पाणी जास्त झाला वाटता," मागून कोणी म्हणालं. "पुसून घे, लवू."

तिसऱ्यांदा उजवी पडली. घंटा वाजली, नारळ फुटला, आणि लोक चपला शोधत उद्याच्या पाट्या-कोयत्यांचं बोलू लागले. आईही त्यांतच होती. "काय गो, वाळलंस किती! चल, माशे काढून ठेवलंय."

जेवताना केतकीने विचारलं, "बाबा, दोनदा डावी पडली होती ना?"

"पडली."

"मग?"

लवूंनी कढीची वाटी तोंडाला लावली. "लोका विचारूक येतत ती आधीच ठरवन येतत. तेंका होयो तसो लागापर्यंत ती उठनत नाय."

"पण तुम्ही सांगू शकता की, डावा लागला म्हणून."

"सांगीन. मगे फुढल्या वर्साक माका कोण बोलावतलो? नवो गुरव हाडतले. तोय तिसऱ्या वेळेक उजवोच काढतलो." ते हसले. "देवाचा काय जाता? तो बसलोसा थंयच."

आई म्हणाली, "जेवताना देवाचा बोला नको. उद्या मीया वरच्या बागेत जातंय. दोन दिसात सगळी बी भरान होईत."

केतकीने ताट बाजूला सारलं. तिला पत्र्याचा डबा दिसत होता. आणि एकट्या तिचा नव्हे. देशभरच्या टेबलांखालचे डबे, झाकणं लावलेले. ज्याचं उत्तर कौलाशी जुळलं तो थांबला आणि त्याने ते वर पाठवलं. ज्याचं जुळलं नाही तो जुळेपर्यंत करत राहिला आणि मग थांबला. खोटं कुणीच बोललं नव्हतं. पण वर गेले ते जुळलेलेच आकडे, आणि तेच वाचून कौल पुढच्या वर्षी आणखी खात्रीने बोलणार होता. लबाड पकडायला बसवलेल्या यंत्राला सगळ्या खऱ्या माणसांनी मिळून असं शिकवलं होतं की त्याचं कधीच चुकत नाही.

*

सोमवारी आकडे पाठवायचे म्हणून ती रविवारी रात्री परतणार होती. पण रविवारी संध्याकाळी आई बागेतून आली ती अंथरुणावरच पडली. सकाळी चांगली होती. दुपारी भाकरी खाल्लेली. आणि आता अंग चुलीसारखं. आठवडाभर ती खालच्या बागेत जात होती. तिथेही गोचिडी होत्याच.

सकाळी लवू आणि केतकी तिला रिक्षाने आरोग्य केंद्रावर घेऊन गेले. बाकावर आधीच सहा-सात जण होते, सगळे काजूवाले. डॉक्टर अश्लेषा राऊळ एकेकाच्या बोटाला सुई टोचून थेंब पट्टीवर घेत होत्या. पट्टी पाहून केतकीला आपली कुणी चोरी पकडावी तसं झालं. तीच गड्डी, तोच कागद.

आईची पट्टी कोरी निघाली.

"माकडताप नाही," डॉक्टर म्हणाल्या. "साधा ताप आहे. गोळ्या देते. घरी आराम."

"देवान राखल्यान," लवू म्हणाले.

केतकीला बोलायचं होतं, पण पुढच्या रुग्णापाशी गोंधळ सुरू झाला. तो एक मोठ्या मिशांचा बुवा होता. त्याच्या पट्टीवर ठळक निळी रेघ आली होती.

"ताप कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"कालच इलो," बुवा म्हणाला.

"काल खयचो!" त्याची बायको मागून कडाडली. "होळी जळली तवापासून कुथता हा! डॉक्टरीणबाई ओरडतली म्हणून काल सांगता. घरचा काजू संपाक होयो होतो ना!"

बाकावरची माणसं हसली. बुवाही मिशीतल्या मिशीत हसला. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "सगळे असंच सांगतात. इथे काय, जिल्ह्याला काय, कालचा म्हणून आलेला निम्मा ताप आठवड्याचा असतो."

केतकी हसली नाही. तिच्या डोळ्यांसमोर अठरा निळ्या रेघा उभ्या राहिल्या. जिल्हा इस्पितळातून आलेले नमुने, पहिल्या-दुसऱ्या दिवसाचे. पण तो दिवस कोणी सांगितला? रुग्णाने. आधीच्या तीन खेपांचे नमुने निराळे होते. संशोधनाच्या पथकाने बागांतून रोज फिरून, ताप चढल्या दिवशीच घेतलेले. म्हणजे हात तिन्ही वेळा बरोबर होता. चुकली होती ती चौथी खेप, आणि त्यावर तिने खाजं खाल्लं होतं.

ती डॉक्टरांच्या टेबलापाशी गेली. "मॅडम, मी या पट्टीवरच काम करते. पहिल्या दोन दिवसांत ही कोरी आली तर तिला अर्थ नाही. आईचा ताप कालचा आहे, खरंच कालचा. तिला मोठ्या इस्पितळात पाठवा."

डॉक्टरांनी वर पाहिलं. त्यांचे डोळे रात्रपाळीने तांबडे झाले होते. "इस्पितळात खाटा कमी, आमच्याकडे गाडी एकच. रेघ असलेल्यालाच पाठवायचं, असा नियम आहे. पट्टीला अर्थ नाही हे कुठे लिहिलंय?"

"कुठे नाही. माझ्याकडे आकडे आहेत. पाठवलेले नाहीत."

"कधीचे?"

"महिनाभर झाला."

डॉक्टरांनी हातातली सुई खाली ठेवली. मग हळू आवाजात म्हणाल्या, "बाबी धुरीला गेल्या आठवड्यात मीच गोळ्या देऊन घरी पाठवला. कोरी पट्टी होती. काल त्याला रक्ताच्या उलट्या झाल्या, गोव्याला हलवलाय." त्यांनी बाकाकडे पाहिलं. "तुमच्या आईला पाठवते, तुमच्या शब्दावर. त्या तिघांच्या पट्ट्याही कोऱ्याच आहेत. त्यांना कुणाच्या शब्दावर पाठवू?"

बाकावर तीन माणसं बसली होती. एक बाई पदराने तोंड पुसत होती. तिने केतकीकडे बघून ओळखीचं हसू केलं. सुलोचना, लहानपणी तिच्या वेण्या घालणारी.

*

केंद्राच्या पायरीवर बसून केतकीने आधी फैजानला फोन लावला.

"चारही पाठवते," ती म्हणाली.

"चार काय?"

"चारही खेपा. सरावाच्या तिन्ही धरून. चौथी चुकीची आहे, फैजान. नमुने जुन्या तापाचे होते."

पलीकडे कुणाच्या तरी बोलण्याचा, भांड्यांचा आवाज येत होता. तो बंद झाला. फैजान बाहेर आला असावा. "सुमैयाला नववा लागलाय," तो म्हणाला. त्याच्या आवाजात नेहमीची गंमत नव्हती. "माझं घर पण तुझ्या त्या डब्यात आहे. माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे."

"आणि तरी?"

"इथे बाकावर माणसं बसली आहेत."

"इथे पण आहेत," फैजान म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

तिने चारही खेपांचे आकडे आणि पट्ट्यांची छायाचित्रं पाठवली. खाली साध्या शब्दांत लिहिलं: पट्टी पहिल्या दोन दिवसांत निम्म्याहून अधिक रुग्ण सोडते. केंद्रांतला वापर थांबवावा.

कौलाचं उत्तर यायला वेळ लागला नाही. "खेप चार अंदाजाशी सुसंगत, ग्राह्य. खेप एक ते तीन अंदाजापासून दूर, हस्तदोष समजून वगळल्या. पट्टीचा वापर सुरू ठेवावा. हस्तदोषाचं प्रमाण जास्त असल्याने गट तपासणीखाली."

तिने ते पुन्हा वाचलं. इतकी वर्षं सराव कुठला आणि प्रयोग कुठला हे पोरं ठरवत होती. आता ते यंत्रालाही येत होतं. तिने झाकण उघडून डबा पुढे केला, तर त्याने सभ्यपणे झाकण परत लावलं होतं.

फोन वाजला. मांजरेकर सर होते. रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं.

"एकटीने करायचं नव्हतंस, केतकी. एकटीचे आकडे तो खाऊन टाकतो."

"मग सगळ्यांचे पाठवू, सर. प्रत्येकाचा डबा आहे. सगळे डबे एकदम आले तर त्याला हस्तदोष म्हणता येणार नाही. तुमचा पाठवा. प्रथिनाच्या वेळचा."

पलीकडे दार बंद झाल्याचा आवाज आला.

"माझा मी नाही ठेवला," सर म्हणाले. "तुम्हाला सांगत राहिलो ठेवा म्हणून. माझा मी ज्या दिवशी पहिला पुरस्कार मिळाला त्या दिवशी फेकून दिला."

*

डॉक्टर पायरीवर आल्या. "काय झालं?"

केतकीने फोन पुढे केला. त्यांनी वाचलं. "म्हणजे तुमचं यंत्र म्हणतंय की चौथी खरी."

"हो."

"आणि तुम्ही?"

"पहिल्या तीन."

"तुमची वृत्ती?"

"थांबली."

डॉक्टर आत गेल्या. ड्रायव्हरला हाक ऐकू आली, मग सुलोचनाची, "अगो, पण माझी पट्टी कोरी आसा!" आणि डॉक्टरांची, "बसा गाडीत. दाटीवाटीने बसा." नियम मोडल्याचा खुलासा त्यांना पुढे महिनाभर देत बसावा लागला.

गाडीतल्या कोऱ्या पट्टीच्या चौघांपैकी तिघांना माकडताप निघाला. केतकीची आई त्यांत होती. ती बारा दिवसांनी खाटेवर उठून बसली आणि पहिलं विचारलं, "बियो कोणी गोळा केल्यान?" सुलोचनाही वाचली. बाबी धुरी गोव्याहून परत आला तो चादरीत गुंडाळून.

आंबेखोलच्या केंद्राने पट्टी बाजूला ठेवली. बाकीच्या केंद्रांत ती चालूच होती. केतकी प्रयोगशाळेत गेली तेव्हा तिच्या टेबलावर दुसऱ्या गटाचं सामान होतं. फैजान खाली मान घालून काम करत होता. त्याला मुलगी झाली होती, हे तिला शिपायाकडून कळलं. तिने आपला पत्र्याचा डबा उचलला. दारापाशी थांबून तिने विचारलं, "तुझा?"

"कपाटात आहे," तो वर न बघता म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "कुलूप नाही लावलेलं. पण उघडायला सांगू नकोस एवढ्यात."

*

त्यानंतरच्या सोमवारी देवळात पुन्हा माणसं जमली. बाबी धुरीचं सुतक अजून फिटलं नव्हतं, पण तापाच्या भीतीने सोडलेल्या वरच्या बागेत बोंडं कुजायला लागली होती आणि व्यापारी घाई करत होता. केतकी खांबाला टेकून उभी होती. तिला आता परत जायची घाई नव्हती.

नानांनी गाऱ्हाणं घातलं. लवूंनी पाकळ्या चिकटवल्या. लोक गप्प राहिले.

डावी पडली.

"चूक भूल पदरात घे, म्हाराजा," नाना म्हणाले. "लवू, परत लाव."

लवूंनी खांद्यावरचा ओला पंचा काढला आणि पाषाण पुसायला घेतला. दोन्ही खांदे पुसले. उरलेली पाकळीही पंचात आली. मग पाकळ्यांचं तबक उचलून त्यांनी गाभाऱ्याच्या कोनाड्यात ठेवलं आणि हात जोडून वळले.

"डावो," ते म्हणाले.

"अरे, पण परत..."

"एकदा विचारलास, एकदा सांगल्यान."

नानांचा चेहरा लाल झाला. "लवू, फुढल्या वर्साचा बघूक लागात हां."

"ठावक आसा माका," लवू म्हणाले. त्यांनी पुन्हा देवाकडे तोंड केलं. गुरवाने गाऱ्हाणं घालायचा तिथे रिवाज नव्हता, तरी त्यांनी घातलं. "बा देवा म्हाराजा, तुजो कौल डावो इलो. तो मीया डावोच सांगतंय. रे म्हाराजा..."

आता सगळ्यांनी मिळून म्हणायचं असतं. कोणीही म्हणालं नाही. समईची वात चरचरली. कोणी चपलेत पाय सरकवला, कोणी खाकरलं. लवू पाठमोरे उभे राहिले, मान थोडी खाली घालून.

"व्हय म्हाराजा," केतकी म्हणाली.

देवळात तो आवाज एकटाच घुमला.